तुम्ही विचारा, आपण ऐकू: नाझची तीस वर्षांची वही

मागच्या अंकात मी न्यूयॉर्कच्या रॅपर नाझबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की बावन्नाव्या वर्षी या माणसाने बीट म्हणजे रॅपखालचं संगीत रचणाऱ्या प्रोड्यूसर डीजे प्रीमियरसोबत अख्खा नवीन अल्बम काढलाय आणि तो मन लावून ऐका. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. आधी एक सांगतो, आपल्याकडे बरेच जण नास लिहितात पण उच्चार नाझ आहे, पूर्ण नाव नासिर जोन्स.

दादा, सगळे इलमॅटिक इलमॅटिक करतात. मी दोनदा ऐकला, बीट भारी वाटले पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. इंग्रजी माझं बरं आहे पण तो काय बोलतो ते अर्धं डोक्यावरून जातं.
— कॉलेजचा विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, दोनदा ऐकून नाही कळणार, आणि त्यात तुझी काहीच चूक नाही. तो रेकॉर्ड, नाझचा पहिलाच अल्बम, एका वस्तीचा आहे आणि ती वस्ती माहीत नसेल तर शब्द नुसतेच समोरून पळत जातात.

ती वस्ती म्हणजे क्वीन्सब्रिज. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, पुलाच्या पायथ्याशी, १९३९ साली सरकारने बांधलेली घरं. एकसारख्या विटांच्या ९६ इमारती, तीन हजारांच्या वर बिऱ्हाडं, अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी वसाहत. नाझ जन्मला ब्रुकलिनमध्ये पण वाढला इथे. ऐंशीच्या दशकात तिथे क्रॅक नावाचं ड्रग आलं आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली, पण त्याच काळात त्याच अंगणातून मार्ली मार्लसारखा प्रोड्यूसर आणि एमसी शॅनसारखा रॅपर पण निघाला, म्हणजे पोराला खिडकीतून एका बाजूला मरण दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला गाणं. वरच्या मजल्यावर राहणारा जिगरी दोस्त इल विल, त्याच्याकडे टर्नटेबल होते, दोघं मिळून गाणी करायचे. १९९२ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, तो गेला, त्याच रात्री नाझच्या धाकट्या भावालाही गोळी लागली, तो वाचला. इलमॅटिक आला एप्रिल १९९४ मध्ये, नाझ वीस वर्षांचा. हे डोक्यात ठेव आणि मग परत ऐक.

आणि सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नकोस. वन लव्ह पासून कर. ते गाणं म्हणजे तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. तुझा पोरगा झाला, तुझ्यासारखाच दिसतो, अमका आता तमक्याच्या गँगमध्ये गेला, तुझी आई कशी आहे, असं सगळं. गावाकडून मुंबईला गिरणीत पत्र जायचं ना, त्यात जसं गायीला वासरू झालं पासून शेजारच्याने बांध कोरला पर्यंत सगळं असायचं, तसं. एकदा ते पत्र आहे हे कळलं की इंग्रजी आपोआप सोपं वाटायला लागतं. त्यानंतर एन. वाय. स्टेट ऑफ माइंड ऐक. सुरुवातीला तो हळूच म्हणतो की सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये, आणि दुसऱ्याच क्षणी जे सुटतं ते पहिलं कडवं संपेपर्यंत थांबत नाही, प्रीमियरने नंतर सांगितलंय की ते एका टेकमध्ये झालेलं.

बीटचं म्हणशील तर त्या काळी एका रॅपरचा अल्बम बहुतेक एकच प्रोड्यूसर करायचा. इथे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे सगळे एका नवख्या पोरासाठी एकत्र आले. जॅझच्या जुन्या तबकड्यांमधून काढलेले तुकडे आहेत, शेवटच्या गाण्यात तर मायकल जॅक्सनच्या ह्यूमन नेचरचा सूर आहे, ओळखू येतो का बघ. आणि लाइफ्स अ बिच च्या शेवटी जे वाद्य हळवं वाजतं ते खुद्द नाझच्या वडिलांनी, ओलू दारांनी वाजवलंय. ते जॅझ आणि ब्लूजमधले नावाजलेले वादक. सगळा अल्बम चाळीस मिनिटांत संपतो. कोल्हापूर ते सांगली बसमध्ये एकदा पूर्ण होतो बघ, हेडफोन लाव आणि मध्ये फोन बघू नकोस.

भाऊ, माझा मुलगा बारावीला आहे, दिवसभर हेच चालू असतं. मी शब्द वाचले नेटवर तर शिव्या, ड्रग्ज, बंदुका. आणि हा माणूस म्हणे आठवीनंतर शाळेत गेला नाही. असा माणूस माझ्या मुलाचा हिरो. तुम्ही त्याची तारीफ लिहिता तेव्हा आमचा पण विचार करा.
— एक आई, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. शिव्या आहेत, खूप आहेत, आणि काही गाण्यांत बायकांबद्दल जे बोललंय ते मला आजही आवडत नाही, ते मी झाकणार नाही. शाळा सोडली हेही खरंच आहे.

पण शाळा सोडली म्हणजे वाचणं सोडलं असं त्याचं झालं नाही. घरात वडिलांची पुस्तकं होती, इतिहास, धर्म, आफ्रिका, तो ती वाचत बसायचा. वडील नंतर घर सोडून गेले, आई पोस्टात नोकरी करायची आणि तिनेच दोन्ही पोरं वाढवली. २००२ मध्ये ती कॅन्सरने गेली. त्याच वर्षाच्या गॉड्स सन अल्बममध्ये तिच्यावर एक गाणं आहे, डान्स नावाचं, त्याला फक्त एवढंच हवंय की आईसोबत अजून एकदा नाचायला मिळावं. मुलाला सांगा हे गाणं लाव, आणि तुम्ही शेजारी बसा. त्याच अल्बममध्ये आय कॅन आहे, लहान पोरांचा कोरस आहे त्यात, खाली बिथोव्हनचा फ्युर एलिझे वाजतो, तो पोरांना सरळ सांगतो की मेहनत करा, ड्रग्जच्या नादी लागू नका. आणि २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्याच्या नावाने हिप हॉपच्या अभ्यासासाठी फेलोशिप सुरू केली, म्हणजे आठवीत शाळा सुटलेल्या पोराच्या नावावर आता संशोधक अभ्यास करतात.

बंदुकांबद्दल एकच सांगतो. १९९६ चं त्याचं एक गाणं आहे, त्यात बोलणारी बंदूकच आहे. ती म्हणते मला कुणीकुणी हातात घेतलं, मी कितीजणांना मारलं, मी दमले, आणि एके दिवशी ती ठरवून अडकून बसते, गोळी सोडतच नाही. आणि त्यामुळे तिला धरणाराच मरतो. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. असं लिहिणारा माणूस बंदुकीचं कौतुक करत नसतो, ताई. मुलाला एकदा विचारून बघा की यातलं त्याला नेमकं काय आवडतं, रागावून नाही, सहज. तो खूप वेळ बोलेल असं मला वाटतं.

जेझी की नाझ? एका वाक्यात उत्तर द्या, पळवाट नको.
— दोन मित्र, पुणे

नाझ. झालं एक वाक्य, आता पुढचं ऐका.

ज्याने लहानपणी जत्रेत कलगीतुरा ऐकलाय त्याला नाझ आणि न्यूयॉर्कचाच दुसरा मोठा रॅपर जेझी यांचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच डफावर त्याच रात्री जवाब द्यायचा, आणि लोक ठरवणार कुणाची शाहिरी खरी. जेझीने सप्टेंबर २००१ मध्ये टेकओव्हर हे गाणं काढलं, त्यात त्याने हिशोबच मांडला की तुझ्या इतक्या वर्षांत एकच अल्बम धड निघालाय. लागण्यासारखंच होतं कारण बरेच लोक तेच म्हणत होते. नाझने डिसेंबरात स्टिलमॅटिक या अल्बमवर ईथर काढलं, आणि ते इतकं जिव्हारी लागलं की अमेरिकेत ईथर हे क्रियापदच झालं, कुणाची पुरती जिरवली की त्याला ईथर केलं म्हणतात. जेझीने चिडून जे उलट उत्तर दिलं ते इतकं खालच्या पातळीवर गेलं की त्याच्या आईनेच त्याला माफी मागायला लावली.

पण मला जास्त मोठं वाटतं ते पुढचं. या भांडणाच्या पाच वर्षं आधी रॅपर टुपॅक गोळीबारात गेला होता, मग बिगीही तसाच गेला, भांडणं कुठे जातात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. या दोघांनी २००५ च्या ऑक्टोबरात एका स्टेजवर येऊन हात मिळवले, आणि पुढच्याच वर्षी जेझी ज्या डेफ जॅम कंपनीचा प्रमुख होता तिथे नाझने करार केला. दोघं आज पन्नाशीच्या पुढे आहेत, जिवंत आहेत, लिहितायत. पुण्यात तुम्ही दोघं यावरून भांडत असाल तर भांडा, पण हे पण बोला मधूनमधून.

इलमॅटिकनंतर तो संपलाच होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बीट निवडायला त्याला जमतच नाही. मग तीस वर्षांच्या करिअरचं एवढं कौतुक कशाला?
— ध्वनिमुद्रण क्षेत्रातले एक वाचक, नागपूर

तुम्ही कामातले आहात म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मलाही पुष्कळ वर्षं छळत होता.

संपला होता हे नाही पटत. इलमॅटिक पहिल्या आठवड्यात साठ हजारांच्या आसपास विकला गेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण पैसा काही आला नाही. त्याने साहजिकच पुढचा अल्बम जरा गुळगुळीत केला, १९९६ चा इट वॉज रिटन, गायिका लॉरिन हिलसोबतचं गाणं गाजलं, अल्बम थेट एक नंबरला. जुने चाहते रुसले. मग १९९९, तो खरंच वाईट गेला. मोठा डबल अल्बम तयार होता, त्यातली गाणी आधीच एमपीथ्री होऊन इंटरनेटवर फुटली, मग घाईघाईत तोडजोड करून आय अ‍ॅम काढला आणि त्याच वर्षी अजून एक, नॅस्ट्राडेमस, तो तर घाईत केलेला दिसतोच. फुटलेली चांगली गाणी पुढे २००२ मध्ये द लॉस्ट टेप्सवर आली, ती ऐकून वाटतं की अरे हे तेव्हाच यायला हवं होतं. बीट निवडण्याबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे, बहुतेक अल्बमवर आठ-दहा प्रोड्यूसर, आठ-दहा वेगळ्या चवी, आणि एकाच्या घरात तो फारसा टिकून राहिला नाही.

म्हणूनच मला २०२० नंतरचा नाझ सगळ्यात जास्त भावतो. हिट-बॉय नावाचा कॅलिफोर्नियाचा प्रोड्यूसर, इलमॅटिक आला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याच्यासोबत नाझ एका खोलीत बसला आणि उठलाच नाही. किंग्ज डिसीज चे तीन भाग आणि मॅजिक चे तीन भाग, ऑगस्ट २०२० ते सप्टेंबर २०२३, तीन वर्षांत सहा अल्बम. पहिल्यालाच ग्रॅमी मिळालं, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं, त्याआधी तेरा वेळा नामांकन होऊन हात हलवत परतला होता. किंग्ज डिसीजचा तिसरा भाग तर पाहुणा रॅपर एकही न घेता केलाय. सहावा अल्बम आला त्या दिवशी तो पन्नास वर्षांचा झाला.

तुम्ही कन्सोलवर बसता, तुम्हाला माहितीये की गायकाला ओळखणारा माणूस काचेपलीकडे असला की आवाज कसा बदलतो. हिट-बॉयने त्याच्या आवाजाला जागा सोडलीये, ड्रम कमी, मधला भाग मोकळा, आणि नाझ जास्त ताण न देता, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा रॅप करतो. वीस वर्षांचा पोरगा खिडकीत बसून जे दिसतं ते लिहीत होता, पन्नाशीचा माणूस त्याच खिडकीतलं आठवून लिहितो, कोण राहिलं, कोण गेलं, शरीर कुठे दुखतंय, मुलं काय करतायत. किंग्ज डिसीज म्हणजे गाऊट, श्रीमंतांचा सांधेदुखीचा आजार, तोच नावात घेतलाय. रॅपमध्ये हे विषय असे लिहिलेले मी आधी फार कमी ऐकले होते. आणि मग २०२५ च्या डिसेंबरात प्रीमियरसोबतचा लाइट-इयर्स, ज्याची चर्चा दोघं २००६ पासून करत होते. ते ऐकताना मी रात्री एक वाजेपर्यंत जागा होतो, सकाळी ड्युटी असून.

तुम्ही हिट-बॉयसोबतचे ते सहाही ऐकलेत का? पत्रावरून वाटत नाही. ऐका आणि परत लिहा, मला खरंच तुमचं मत हवंय.

गली बॉयमध्ये त्याचं नाव दिसतं ते कशाबद्दल? फक्त नावापुरतं होतं का?
— कुर्ल्याची एक वाचक

पिक्चरचा तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता, आणि एनवाय से मुंबई या गाण्यात मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी, तसंच रणवीर सिंगसोबत त्याचं कडवं आहे. नेझी तर तुमच्याच कुर्ल्याचा. नावापुरतं नव्हतं असं मी म्हणतो कारण त्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याच्या मास अपील कंपनीची भारतातली शाखा सुरू झाली आणि पहिला कलाकार म्हणून त्यांनी अंधेरीच्या डिव्हाइनला घेतलं. जेबी नगरच्या पोराचा आवाज क्वीन्सब्रिजच्या माणसाला ओळखीचा वाटला यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

मी बँकेतून निवृत्तीला आलोय, वय सत्तावन्न. मुलीमुळे हे ऐकायला लागलो. कुणाला सांगितलं नाही पण रोज रात्री मराठीत रॅपसारखं काहीतरी लिहितो, आमच्या गल्लीबद्दल, वखारभागातल्या जुन्या लोकांबद्दल. या वयात हे शोभतं का?
— एक वाचक, सांगली

काका, हिप हॉप सुरू झालं असं मानतात ते ११ ऑगस्ट १९७३ ला, ब्रॉन्क्समधल्या एका पार्टीत, आणि नाझ जन्मला त्यानंतर महिन्याभराने, १४ सप्टेंबरला. ही कला आणि तो बरोबरीने वाढलेत, त्यामुळे म्हातारपणी रॅप कसा करायचा हे दाखवायला त्याच्या पुढे फारसं कुणी नव्हतंच, तो स्वतःच चालून बघतोय. २०२३ मध्ये हिप हॉपला पन्नास वर्षं झाली म्हणून न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जो कार्यक्रम झाला त्यात साठी ओलांडलेले लोकसुद्धा माइक घेऊन उभे होते.

तुम्ही लिहिताय ते वखारभागाबद्दल, तिथल्या माणसांबद्दल. मेमरी लेन ऐका, इलमॅटिकवरच आहे, त्यात तो वस्तीतले जुने दिवस आठवतो. मग वही काढा, तुमच्या गल्लीतल्या गेलेल्या लोकांची नावं एका पानावर लिहा आणि ताल बसतो का बघा, टेबलावर बोटं आपटून चालेल. त्यातली एक वीस ओळींची रचना मला पाठवा. पुढच्या अंकात छापायची का ते तुम्हीच सांगा, पण मला वाचायची आहे.