‘दुर्लक्ष करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या वर्तनोपचाराबद्दल सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे, बोलत नाही. मोबाईल काढून घेतला की फरशीवर डोकं आपटतो. थेरपिस्टनी ‘दुर्लक्ष करा’ असं सांगितलं. चार दिवस केलं, तर आपटणं दुप्पट झालं. शेवटी सासूबाईंनी मोबाईल हातात दिला. आमचं काय चुकलं?
— एक आई, तासगाव

उत्तर : सल्लाच अर्धा होता. मूल लक्ष वेधायला काही करत असेल, तर दुर्लक्षाचा उपयोग. तुमचा मुलगा आपटतो ते मोबाईल परत मिळावा म्हणून. तिथे तुम्ही बघता की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आपटणं वाढलं, हे मात्र अपेक्षितच होतं. बागेतली मोटर उचलली नाही की आपण स्टार्टरचं बटण पुन्हा पुन्हा, जास्त जोरात दाबतो, तसंच ते. नेमक्या त्याच वेळी मोबाईल दिला गेला आणि पोरगं शिकलं की चार दिवस जोर लावला तर मिळतो. आता मोडायला पहिल्यापेक्षा अवघड. यात सासूबाईंना दोष देऊ नका, नातवाचं डोकं आपटताना कोणती आजी बघत बसेल? घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत असं काही सुरूच करू नये. आणि डोकं आपटण्याकडे पाठ कधीच फिरवायची नाही. न बोलता, न रागावता डोक्याखाली उशी सरकवायची. आपटणं अचानक सुरू झालं असेल, तर आधी कान किंवा दात दुखतोय का आणि पोट साफ होतं का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. न बोलणारं मूल दुखणंही असंच सांगतं. आपटून उलटी झाली, सुस्ती आली किंवा शुद्ध हरपली, तर थेट दवाखाना.

आता वही घ्या. पानावर तीन रकाने : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. शेजारी वेळ आणि किती मिनिटं. सात दिवस लिहा. ‘हट्टीपणा केला’ असं लिहू नका. ‘सहा वेळा डोकं आपटलं, चार मिनिटं रडला’ असं लिहा. कारणं बहुधा चारच निघतात : कुणीतरी बघावं, वस्तू मिळावी, नको असलेलं काम टळावं, किंवा ती क्रियाच शरीराला बरी वाटते. ‘नंतर’चा रकाना भरला की कारण आपोआप दिसतं. बहुतेकजण नेमका तोच कोरा ठेवतात.

कारण कळलं, की तेच काम करणारी सोपी वाट शिकवायची. बोलता येत नाही, तर चित्र देऊन मागू दे. सुरुवात मोबाईलने नको, भडंगाने करा (जयसिंगपूरचं की सांगलीचं, हा वाद इथे नको). शेंगदाणे काढून टाका, घशात अडकतात. भडंगाच्या पाकिटाचा दोन-अडीच इंचांचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवा. सुरुवातीला माणसं दोन लागतात. तुम्ही समोर, भडंग दिसेल असं धरून, दुसरा तळवा उघडा. सासूबाई मुलाच्या मागे. त्याचा हात भडंगाकडे गेला, की त्यांनी तो हात कार्डावर नेऊन, कार्ड उचलायला लावून तुमच्या तळव्यात टेकवायचा, तोंडाने एक अक्षर न काढता. कार्ड हातात पडताक्षणी तुम्ही ‘भडंग!’ म्हणायचं आणि तीन-चार चुरमुरे द्यायचे. वाटीभर दिलं, तर पुन्हा मागायचं कारणच उरत नाही. दिवसभरात थोडं थोडं करून वीस-तीस वेळा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे समोरच्याने ‘काय पाहिजे?’ विचारणं. मग मूल प्रश्नाची वाट बघत बसतं, आपणहून मागत नाही. मागची मदत हळूहळू कमी करा : आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श. त्याने हात ओढून घेतला तर थांबा, दुसरा खाऊ घ्या. कार्ड पक्कं झालं की मोबाईलचं कार्ड करा. पहिले काही दिवस मागितला की द्यायचाच, दर वेळी पाच मिनिटं, गजर लावून. त्यानंतर ‘थांब’ शिकवायचं, पाच सेकंदांपासून. पाचवरून एकदम दोन मिनिटांवर उडी मारलीत तर पुन्हा फरशी.

प्रश्न : सेंटरवाले म्हणतात, आठवड्याला 40 तास थेरपी नाही तर उपयोग नाही. आम्हाला आत बसू देत नाहीत. हात फडफडवणं बंद करू, नजरेला नजर द्यायला लावू म्हणतात.
— एक वडील, मिरज

उत्तर : 40 हा आकडा आला तो मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अमेरिकेतल्या अभ्यासातून. इतके तास उपचार मिळालेल्या गटात 19 मुलं होती, त्यांतली 9 नंतर नेहमीच्या पहिलीच्या वर्गात टिकली. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या काळी मोठ्याने ‘नो’ ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही उपचारात होतं. त्या आकड्याला सगळ्या मुलांचा नियम समजू नका. तास ठरवायचे मुलाची तपासणी करून, आणि त्यात त्याची झोप, खेळ, शाळा धरून.

हात फडफडवण्याने कुणाला इजा होत नसेल तर राहू द्या. जबरदस्तीच्या नजरानजरेचा त्रास होतो, असं मोठे झालेले स्वमग्न लोक सांगतात.

आई-वडिलांना आत येऊ न देणारं सेंटर आम्ही तरी निवडणार नाही. उद्दिष्ट कागदावर मागा. ‘वागणं सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ‘दहापैकी आठ वेळा स्वतःहून पाणी मागेल’ हे उद्दिष्ट. रोजची नोंद दाखवा म्हणा. विशेष शिक्षक, वाचातज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. फक्त 40 तासांचा कोर्स केलेली व्यक्ती चांगली मदतनीस असू शकते, पण कार्यक्रम आखणारा आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा अनुभवी माणूस वेगळा हवा. तो कोण, तेही विचारा.

प्रश्न : अपंगत्वाचा दाखला काढला तर नातीवर कायमचा शिक्का बसेल का?
— एक आजोबा, विटा

उत्तर : आजोबा, दाखला काढल्याने स्वमग्नता वाढत नाही आणि लपवल्याने जात नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. तपासणीत ‘इसा’ या स्वमग्नता मोजायच्या भारतीय मापनावर 70 ते 106 गुण सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. दाखला असला, की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. मर्यादा वर्षाला एक लाखापर्यंत आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात बसतो, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून फाईलला लावत चला.