वाचकांचे प्रश्न : बाड पाठवलं, आता पुढे?

या महिन्यात कवितावाले गप्प आहेत आणि सगळी पत्रं कादंबरीवाल्यांची आहेत, त्यामुळे हा अंक त्यांचाच. (बाड म्हणजे अजून न छापलेलं लिखाण.) पत्रं थोडी कापलीयेत, नावं मुद्दाम काढलीयेत.

प्रश्न : ताई, मी परभणीजवळ झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. चार वर्षं खपून कादंबरी लिहिली, ४०० पानं झाली. पुण्या-मुंबईच्या पाच प्रकाशकांना एकदमच कुरिअर केली. आठ महिने झाले, कुणाचंच उत्तर नाही. फोन करावा की नकार समजून गप्प बसावं?

उत्तर : सर, फोन करा, बिनधास्त करा. फक्त "वाचलं का?" असं विचारू नका, त्याला "वाचतोय" हे एकच उत्तर येतं आणि विषय संपतो. "पोचलंय का, आणि सध्या कुणाकडे आहे?" असं विचारा, मग समोरच्याला उठून बघावं लागतं. आपल्याकडे इंग्रजीसारखे, लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणारे एजंट जवळपास नाहीतच, त्यामुळे सगळी बाडं थेट प्रकाशकाच्या टेबलावर येऊन पडतात आणि बऱ्याच ठिकाणी ते टेबल एकाच माणसाचं असतं, तोच सकाळी प्रेसवाल्याशी भांडतो, दुपारी वितरकाकडे अडकलेले पैसे मागतो, संध्याकाळी ग्रंथोत्सवाच्या स्टॉलची पार्सलं बांधून घेतो, आणि मग जीव उरला तर वाचतो. मोठ्या संस्था बाहेरच्या वाचकांकडून अभिप्राय मागवतात, त्यांचं मानधन किरकोळ, तेही सवडीनेच वाचणार. त्यामुळे आठ महिने जास्त वाटले तरी त्यावरून नकारच आलाय असं काही म्हणता येत नाही.

पण सर, ४०० पानांचा गठ्ठा एकदम पाठवायचाच कशाला? आधी एक पानाचं पत्र, दीड पानात सगळी गोष्ट (शेवटासकट, प्रकाशकापासून शेवट लपवून काय मिळणार आहे) आणि पहिली तीन प्रकरणं, एवढंच बास. पत्रात "ही कादंबरी म्हणजे समाजाचा आरसा" असलं काही नको, घरच्यांना आणि मुख्याध्यापकांना फार आवडली हेही नको. "ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या शिक्षकाची एका हंगामातली गोष्ट, साधारण ७० हजार शब्द" असं काहीतरी लिहा (तुमची गोष्ट वेगळी असेल, मी उदाहरण दिलं). आणि टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल कन्व्हर्टरमधून काढली की रफार उडतात, 'सूर्य'चा 'सूय' आणि 'सर्व'चं 'सव' होऊन बसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं या मास्तरांना शुद्धलेखन येत नाही. सोबत पीडीएफ द्याच.

एकाच वेळी पाच जणांना पाठवणं आपल्याकडे अनेकांना खटकतं. पाठवलंच असेल तर पत्रात तसं मोकळेपणाने सांगा, आणि एकाने होकार दिला की त्याच दिवशी बाकीच्यांना कळवा.

प्रश्न : मी चिंचवडला आयटीत आहे. तीन ठिकाणांहून नकार आला, चौथ्याने मात्र चार दिवसांत होकार कळवला! मी ८५ हजार द्यायचे, ते ५०० प्रती छापणार, किंमत ३५० रुपये. त्यातल्या २०० प्रती मी ४० टक्के सवलतीत विकत घ्यायच्या. उरलेल्यांवर १० टक्के रॉयल्टी. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि प्रकाशन समारंभ पॅकेजमध्ये. घरचे म्हणतात, नशीब काढलंस. करू का?

उत्तर : करू नका. निदान अजून तरी नको.

चार दिवसांत वाचली कुणी? त्यांना फोन करा आणि सहज विचारा, सातव्या प्रकरणाबद्दल काय वाटलं? उत्तर ऐकून तुम्हाला सगळं कळेल.

आता हिशोब. २०० प्रती २१० रुपयांनी म्हणजे ४२ हजार. अधिक ८५ हजार. म्हणजे एकही पुस्तक दुकानात जायच्या आधी तुमच्या खिशातून १ लाख २७ हजार गेले. उरलेल्या ३०० प्रती अगदी शेवटच्या प्रतीपर्यंत खपल्या तरी रॉयल्टी प्रतीमागे ३५ रुपये, म्हणजे साडेदहा हजार. पण त्या खपणार कशा? प्रकाशकाचे पैसे आधीच वसूल झालेत, मग त्याने वितरकाच्या मागे कशाला लागायचं, वाचनालयांच्या याद्यांत पुस्तक जावं म्हणून कशाला धडपडायचं? राज्यात अनुदान घेणारी वाचनालयं हजारोंनी आहेत आणि मराठी कादंबरीची बरीचशी विक्री तिथेच होते, घरगुती गिऱ्हाईक नंतर येतं. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत तोच ही वणवण करतो. नकाराने आपला एक आठवडा वाईट जातो, असला होकार मात्र दोनशे प्रती होऊन पलंगाखाली वर्षानुवर्षं पडून राहतो आणि प्रत्येक लग्नात आहेर म्हणून वाटावा लागतो.

आयएसबीएनचं कौतुक तर सोडाच. तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो.

पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही हं. पण मग त्याला स्वतः काढलेलं पुस्तक म्हणा, संपादकाला वेगळे पैसे द्या, मुद्रितशोधन नीट करून घ्या, दोन-तीन छापखान्यांचे दर काढा आणि प्रती स्वतःच्या ताब्यात ठेवा. त्याआधी एक दार जरूर वाजवून बघा, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच आहे. जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आणि उद्या कुणीही करार पुढे केला, चांगल्यातल्या चांगल्या प्रकाशकाने केला, तरी सही करायच्या आधी दोन चहा पीत नीट वाचा. "सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन" ही ओळ दिसली की थांबा. छापील आवृत्तीचे हक्क द्या, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, सिनेमा-वेबसिरीज हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या, किती वर्षांसाठी तेही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पण बहुतेक छापील करारांत मुदतीच्या जागी "कायमस्वरूपी" असं बारीक अक्षरात बसलेलं असतं आणि लिखाणाचा हक्क तर लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो, म्हणजे तुम्ही नातवंडांच्याही वतीने सही करताय.

प्रश्न : ताई, मी अकोल्याची. माझ्या कादंबरीत माणसं वऱ्हाडी बोलतात. एका प्रकाशकांनी "आमच्या प्रकाशन धोरणात बसत नाही" एवढ्या एका ओळीत परत पाठवली. ओळखीच्या सरांनी सांगितलं, भाषा प्रमाण करा. तेव्हापासून वही उघडलेली नाही.

उत्तर : त्या एका ओळीचा कीस काढू नका, त्यात काढण्यासारखं काही नसतंच. त्यांच्याकडे पुढच्या दोन वर्षांची यादी भरलेली असेल, कागदाचे भाव बघून त्यांनी नवीन नावांना हात आखडता घेतला असेल, ते चरित्रं आणि अनुवादांवरच चालत असतील, किंवा खरंच आवडली नसेल. कारण यातलं कुठलंही असो, ओळ तीच जाते. पूर्वी 'साभार परत' यायचं, त्यासाठी स्वतःचा पत्ता लिहून तिकिटं लावलेलं पाकीट आपणच सोबत पाठवायचं, म्हणजे स्वतःच्या नकाराचं टपालसुद्धा स्वतःच्या खर्चाने! तरी 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करायचे, कुठे अडलंय ते सांगायचे. आणि त्याच सत्यकथेच्या अभिरुचीत आपल्याला जागा नाही म्हणून १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्या (स्वतःची छोटी, बंडखोर नियतकालिकं काढणाऱ्या) तरुणांनी तिचा अंक जाहीर जाळला होता. तुम्ही काही जाळू नका, पण कुठलंही एक दार म्हणजे सगळं मराठी साहित्य नव्हे हे तेव्हाही खरं होतं. खांडेकरांसारखे घरोघरी वाचले जाणारे लेखक छापणाऱ्या देशमुख आणि कंपनीनेच १९६३ मध्ये पंचविशीतल्या, कादंबरीकार म्हणून कुणाला माहीत नसलेल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढली.

भाषेचं म्हणाल तर सरांना नमस्कार सांगा आणि भाषा राहू द्या. नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' ही कादंबरी सांगलीकडच्या जत भागातल्या बोलीत आहे, तिला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. माझा सल्ला वेगळाय. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या मैत्रिणीला पहिली वीस पानं वाचायला द्या आणि ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. शब्द अनोळखी म्हणून अडखळली तर चालतंय, पुढे संदर्भाने कळतं. पण कोण कुणाशी बोलतंय हेच कळेना झालं तर तिथे तुम्हाला काम आहे, आणि ते काम प्रमाण भाषेत लिहिलं असतं तरी करावंच लागलं असतं.

वही उघडायला एक निमित्तही देते. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतंय का बघा आणि मेअखेर-जूनपर्यंत दिवाळी अंकांना पाठवा. १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून ही सोय आपल्याकडे आहे, प्रकाशनांचे संपादक दिवाळी अंक चाळतात आणि "अमुक अंकात वाचलं होतं का तुमचं?" असं एकदा कुणी विचारलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

प्रश्न : प्रकाशकाने माझी कथा चोरली तर? (सांगली)

उत्तर : नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो, लिहिलेल्यावर असतो, आणि तो लिहिताक्षणी तुमचाच असतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, मनःशांती हवी असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे. बाड ईमेलने पाठवा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. खरं सांगू का, नवख्याची कादंबरी चोरायला आधी ती वाचावी लागते, आणि आपली अडचण तिथेच आहे.

प्रश्न : कादंबरीत सासरची माणसं आलीयेत. टोपणनावाने छापली तर चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : चालेल की. करारावर आणि बँकेच्या तपशिलात मात्र खरंच नाव घाला. आणि टोपणनावाने सासूबाईंना फार काळ चकवता येईल या भ्रमात राहू नका, त्यापेक्षा गाव बदला, धंदा बदला, आणि ती सोन्याच्या पाटल्यांवरून झालेली भांडणं असतील तर पाटल्यांच्या जागी दुसरं काहीतरी आणा.