पेल एल चाखताना

पेल एल या बिअरची बाटली फ्रिजमधून काढली की लगेच तोंडाला लावू नकोस. ७-१० अंशांवर येऊ दे. बर्फगार बिअरमध्ये हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास दबतो. स्वच्छ ग्लासात ओत, अर्धाच भर आणि फेस ताजा असतानाच नाक आत घाल. संत्र्याची साल, पाइन, फुलं, जे जाणवेल ते लगेच लिहून ठेव, कारण नाक फार पटकन सरावतं. लोण्यासारखा वास म्हणजे डायअसेटिल (बिअर आंबताना तयार होणारं, इथे नको असलेलं रसायन), ओल्या पुठ्ठ्यासारखा म्हणजे बिअर शिळी. घोट गिळायचाच, थुंकायचा नाही (वाइनवाले नाकं मुरडोत!), कडवटपणा खरा कळतो तो गिळल्यावर. तो घशात खरवडत राहिला तर गुण कापायचे. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा मागे हवाच. रंगाला मी फारसं महत्त्व देत नाही.