सही करण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. बॉक्सिंगच्या स्पर्धांना रिंगसाइड डॉक्टर म्हणून जाणार, हे वाचून आनंद झाला. पण "परवानगी सरकारची असते, मला फक्त तपासून सही करायची आहे" हे वाक्य खटकलं, म्हणून लिहायला बसलो.

न्यूयॉर्क राज्याचं अ‍ॅथलेटिक कमिशन १९२० पासूनचं. बॉक्सिंगचे परवाने, पंच, डॉक्टर सगळं त्यांच्या हाती. २ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह हा रशियन हेवीवेट दहा फेऱ्या लढून हरला. नाक मोडलेलं, चेहरा सुजलेला. डॉक्टरांनी तपासलं, टाके घातले आणि सोडलं. पुढे लघवीत रक्त दिसलं, तेव्हा तो दवाखान्यात निघाला, तोही टॅक्सीने. तिथे कळलं, मेंदूत रक्तस्राव झालाय. जीव वाचला, पण माणूस कायमचा अपंग झाला. घरात बायको आणि तीन मुली. २०१७ मध्ये राज्याने २ कोटी २० लाख डॉलर देऊन कुटुंबाचा खटला मिटवला. पैसा जनतेचाच. त्या रात्री रुग्णवाहिकेतून नेलं असतं तर किती खर्च आला असता, तूच बघ.

२०१६ च्या कायद्याने तिथे मेंदूच्या जीवघेण्या दुखापतीसाठी १० लाख डॉलरचा विमा सक्तीचा झाला. हप्ता परवडत नाही, अशी ओरड छोट्या आयोजकांनी केली. त्यांची अडचण खरी आहे. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे. आयोजकाने टाळलेला खर्च शेवटी त्या पोराच्या घरावर नाहीतर सरकारी तिजोरीवरच येऊन पडतो.

एका तालुक्याच्या गावी माझ्यासमोर हरलेला मुलगा कोपऱ्यात गप्प बसला होता. वीसेक मिनिटांनी त्याला उलटी झाली. रुग्णवाहिका होती, पण पाहुण्यांच्या गाड्यांमागे अडकलेली, ड्रायव्हर चहाला गेलेला. मुलगा वाचला. मी मात्र कागदावर 'रुग्णवाहिका उपलब्ध' असं लिहून सही केली होती, गाडी न बघता. ते अजून बोचतं.

म्हणून तू आधी गाडीपाशी जा. ड्रायव्हरशी बोल, ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून बघ, फाटकापर्यंतची वाट चालून ये. लढत संपल्यावर हरलेल्याला अर्ध्या तासाने पुन्हा गाठ. डोकं दुखतंय का विचार, डोळ्यांच्या बाहुल्या तपास. "काही नाही डॉक्टर, बरा आहे" असं प्रत्येकजण म्हणतो.

तिथे रात्री न्यूरोसर्जन कुठल्या दवाखान्यात असतो, ते आधी मला कळव. मग स्पर्धेच्या तारखेचं बोलू.

तुझा,
सर