जुनी पिकअप अंगणात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वडिलांनी घेतलेली १९६९ सालची महिंद्रा एफसी-१५० पिकअप गेली चौदा वर्षे आमच्या पडवीलगत उभी आहे. एके काळी तिने आंब्याच्या असंख्य पेट्या वाहिल्या. आज तिच्या केबिनचा तळ गंजला आहे, वायरिंग उंदरांनी खाल्ले आहे, मात्र हँडल घालून फिरवले तर इंजिन फिरते. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलो आहे आणि रविवारचा वेळ देऊ शकतो. आधी इंजिन खोलावे की आधी पत्र्याचे काम व रंग उरकावा? आजच्या रस्त्यांवर ती निर्धास्तपणे चालावी यासाठी कोणत्या सुधारणा कराव्यात?
— एक वाचक, देवरुख

उत्तर: आपण विचारलेल्या दोन्ही कामांपैकी एकही आधी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला हात ब्रेकला लावावा, मग पेट्रोलच्या मार्गाला, मग वायरिंगला. त्यानंतर पत्रा, आणि रंग सर्वांत शेवटी. घरी सुरू केलेली अनेक कामे अर्धवट राहतात, कारण मालक पहिल्याच महिन्यात इंजिन चालू करतो, त्या आवाजाने त्याचे मन भरून येते, आणि गाडी थांबणार कशी हा प्रश्न मागे पडतो.

या गाडीचा स्वभाव आधी लक्षात घेतला पाहिजे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी रेखाटलेले हे मॉडेल विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत आणले आणि १९६५ पासून महिंद्राने ते आपल्याकडे बनवले. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८१ इंच, चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसलेला, आणि इंजिन दोन आसनांच्या मध्ये झाकणाखाली. त्यामुळे हौदा रिकामा असताना गाडीचा सारा भार पुढे असतो, ब्रेक लावताच नाक खाली जाते आणि मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात. घाटात उतरताना हे फार जाणवते.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे हिच्याही चारही चाकांना ब्रेक ऑइल एकाच मास्टर सिलिंडरमधून (पायडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर), एकाच मार्गाने जाते. एका चाकाचा व्हील सिलिंडर (चाकाजवळचा, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळला, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. माझ्या स्वतःच्या जीप-ट्रकच्या बाबतीत हे घडलेले आहे. अंगणातून फाटकापर्यंत गाडी आणली, पायडल दाबले, आणि ते कोणताही विरोध न करता थेट फळीला टेकले. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी फाटकाच्या खांबापाशी थांबली. ड्रम काढल्यावर दिसले की सिलिंडरचे रबर बाहेरून नवेकोरे होते, पण आतल्या भिंतीवर गंजाचे मोहरीएवढे खड्डे पडले होते आणि तेवढ्या जागेतून ऑइल निसटले होते. म्हणून केवळ रबर किट बदलून समाधान मानू नये. सिलिंडर खोलावा, कोरड्या कापडाने पुसावा, आतून बोट फिरवावे. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्यावा किंवा लेथवाल्याकडून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी.

शक्य असल्यास दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवावा, म्हणजे पुढचा मार्ग फुटला तरी मागचा शिल्लक राहतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. पुढे डिस्क असलेल्या गाडीचा सिलिंडर उचलून ड्रम ब्रेकवर बसवला, तर पायडल पहिल्या दाबाला खोल जाते, कारण ड्रमच्या नळीत सुमारे १० पीएसआय एवढा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह लागतो आणि डिस्कच्या बाजूला तो नसतो. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचा सिलिंडर शोधणे हा त्यावरचा सोपा मार्ग होय. नळ्या स्टीलच्याच घ्याव्यात. फ्रीजच्या कामाची तांब्याची नळी हातानेच वळते म्हणून काही जण ती वापरतात, पण सततच्या थरथरीने ती कडक होऊन चिरते, आणि ब्रेकमध्ये ती कधीही चालणार नाही. ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइलचा थेंबही त्यात घालू नये. सगळी रबरे फुगून निकामी होतात.

आता पेट्रोल. या बाबतीत आपली गाडी ज्या जगात घडली ते जग उरलेले नाही. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले आणि आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरे इथेनॉलने मऊ पडतात किंवा तडकतात. आपल्या गाडीत तर या सगळ्या वस्तू चालकाच्या गुडघ्याशेजारी, गरम इंजिनाला लागून आहेत, त्यामुळे इथली गळती म्हणजे केबिनमध्ये आगीला आमंत्रण. इथेनॉलला चालतील अशाच नळ्या आणि पडदा घ्यावा आणि दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा लावाव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. या पेट्रोलवर हवा-पेट्रोलचे मिश्रणही थोडे पातळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते. काही किलोमीटर चालवून प्लग काढावा, टोक पांढरेफटक दिसले तर कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, किंचित मोठा करून घ्यावा.

टाकीला छिद्र असेल तर तिला घरी वेल्डिंगचा स्पर्शही करू नये, हे मी कळकळीने सांगतो. आपण वेल्डिंग शिकलेले असल्यामुळे हा मोह होणारच. कित्येक वर्षे रिकामी असलेल्या टाकीच्या शिवणींमध्येही पेट्रोलची वाफ राहते आणि एका ठिणगीने टाकीचा बाँब होतो. नवी टाकी करून घ्यावी.

इंजिन हाताने फिरते ही आनंदाची गोष्ट असली, तरी लगेच बॅटरी जोडू नये. हे २,१९९ सीसीचे चार सिलिंडरचे हरिकेन इंजिन आहे आणि त्याची रचना निराळी आहे: आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. कोकणच्या दमट हवेत हे खालचे व्हॉल्व्ह आपल्या मार्गदर्शक नळीत चिकटून बसतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, एक दिवस जाऊ द्यावा, मग ब्लॉकच्या बाजूचे टॅपेट कव्हर काढून कुणाला तरी हँडल हळूहळू फिरवायला सांगावे आणि आपण टॉर्च धरून पाहावे. वर गेलेला प्रत्येक व्हॉल्व्ह स्प्रिंगबरोबर खाली आला पाहिजे. एखादा वरच राहिला, तर गंज सोडवणारे तेल घालून, वरून लाकडी दांड्याने हलकेच टोकून, धीराने मोकळा करावा. सगळे मोकळे झाले की थंड इंजिनावर वरच्या व्हॉल्व्हची फट ०.०१८ इंच आणि खालच्याची ०.०१६ इंच ठेवावी. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागतात. एवढे करून इंजिनाने ऑइलचा दाब नीट धरला आणि निळा धूर टाकला नाही, तर ते खोलण्याची गरजच नाही.

उंदरांनी खाल्लेले वायरिंग जोडत बसू नये. सगळे नवे करावे. त्यात बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आणि हेडलाइटसाठी रिले या दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. रिले घातल्याने हेडलाइटचा पूर्ण प्रवाह जुन्या स्विचमधून जात नाही, स्विच तापत नाही आणि उजेड लक्षणीय वाढतो. डायनामो काढून अल्टरनेटर बसवणे हीसुद्धा माझ्या मते योग्य सुधारणा आहे; पावसात वायपर, दिवे आणि हॉर्न एकदम चालू असताना बॅटरी उतरत नाही. काढलेला डायनामो मात्र पुसून, कापडात गुंडाळून जपून ठेवावा.

पत्र्याकडे दिवाळीनंतर वळावे आणि मेअखेर ते काम संपवावे. तळाच्या पत्र्यावर पेचकसाने टोचत जावे; जिथे पेचकस आत जातो तिथपासून चारही बाजूंना दोन बोटे पुढे, निरोगी धातू लागेपर्यंत कापावे. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आतून अँगलचा तिरका आधार तात्पुरता वेल्ड करावा, नाहीतर केबिन बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. नवा पत्रा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिमीचा पुरतो. एका दमात लांब वेल्ड ओढू नये. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग पहिल्याच्या शेजारी, असे पत्रा थंड ठेवत काम केले तर तो वाकडातिकडा होत नाही. एकावर एक येणाऱ्या कडांना आधी जस्तयुक्त प्रायमर लावावा. रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळाभर तशीच ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण तो थर पाणी अडवत नाही; त्याच्याखाली गंज सुखाने वाढतो. पुटीचेही तसेच आहे, ती ओल शोषते. जिथे पत्रा हवा तिथे पत्राच घालावा.

प्रश्न: माझ्याकडेही याच काळातील पिकअप आहे. जुने पेट्रोल इंजिन काढून त्यात आधुनिक डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवून देतो, असे एक गॅरेजवाले म्हणतात. करावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे. अशा गाडीचा अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

दुसरे असे की, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार आधी नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल तर हा मार्ग बंद होतो. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा मालवाहतुकीला काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपले मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर त्याच बनावटीचे दुसरे शोधावे आणि आरटीओत इंजिन क्रमांकाची नोंद बदलून घ्यावी. काढलेले इंजिन भंगारात देण्याची घाई मात्र मुळीच करू नये.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. मुलीबरोबर दुरुस्त करण्यासाठी १९७० सालची शेवरोले सी-१० पिकअप घेतली आहे. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारा जुना यांत्रिक स्विच) एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, डिस्ट्रिब्युटर बसवला, तर इंजिन वेगात असताना अडखळते. ब्रेकचे काय करावे?
— एक वाचक

उत्तर: वासाचे कारण आसनाच्या पाठीमागे आहे. १९७२ पर्यंतच्या या गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, चालकाच्या पाठीशी असते. भरण्याच्या नळीचे रबर आणि टाकीवरच्या फ्लोटचे वॉशर आधी बदलावे. त्यानंतरही मन धजत नसेल, तर टाकी हौद्याखाली नेण्याचे किट तिकडे सहज मिळते. लेक शेजारी बसणार असल्याने मी स्वतः तेच केले असते.

डिस्ट्रिब्युटरचा दोष बहुधा वायरीत आहे. पॉइंटच्या कॉइलला कमी व्होल्ट मिळावेत म्हणून कारखान्याने तिच्या मार्गात रोध असलेली वायर घातलेली असते. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. ती जुनी वायर बाजूला ठेवून, फ्यूज पेटीतून किल्ली लावल्यावर चालू होणाऱ्या टर्मिनलपासून जाड नवी वायर ओढावी आणि इंजिन चालू असताना मीटर लावून खात्री करावी.

ब्रेकच्या बाबतीत आपण देवरुखच्या वाचकांपेक्षा सुदैवी आहात, कारण आपल्या गाडीत दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर मुळातच आहे. पुढे मात्र ड्रम आहेत. १९७१ पासून शेवरोलेने याच गाडीला पुढे डिस्क दिल्या, त्यामुळे १९७१-७२ च्या गाडीचे स्पिंडल, डिस्क आणि कॅलिपर आपल्या गाडीला बसतात. त्यांच्याबरोबर त्याच गाडीचा मास्टर सिलिंडर आणि दाब विभागणारा व्हॉल्व्हही घ्यावा. १९७० पर्यंतच्या चाकांना सहा बोल्ट होते आणि नंतर पाच झाले, म्हणून पुढची चाके बदलावी लागतील. चार चाके एकसारखी हवी असतील तर मागचे अ‍ॅक्सलही त्याच गाडीतून उचलावे.