ते वाक्य अर्जात का नाही?

प्रश्न: ताई, मी ऐरोलीत राहते. बी.कॉम. झाल्यावर सीबीडी बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या) ऑफिसात ४ वर्षं एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन केलं. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. ती आता ३ वर्षांची आहे. दोन महिन्यांत चाळीसेक अर्ज पाठवले, एकही फोन नाही. कव्हर लेटर नेटवरून घेतलंय, सोबत जोडते. मिस्टर म्हणतात, गॅपचं लिहूच नकोस. खरं सांगते, कामात मी कच्ची नव्हते. एकदा रात्री साडेआठला इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरचं वजन जुळत नाही हे माझ्याच लक्षात आलं, नाहीतर कंटेनर शट आउट झाला असता, म्हणजे त्याचं जहाज चुकलं असतं. पण अनुभव मांडायचा कसा?

उत्तर: ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. तुझं कव्हर लेटर दोनदा वाचलं. हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर. त्यात तू कुठेच सापडली नाहीस. सापडलीस ती मला लिहिलेल्या प्रश्नात, रात्री साडेआठला दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून बसलेली.

महापेच्या एका कारखान्यात मी २२ वर्षं भरतीचं काम पाहिलं. जाहिरात आली की अर्जांचा ढीग पडायचा आणि निम्म्या पत्रांत हेच तीन शब्द असायचे. अशा पत्राचा राग येत नाही, ते फक्त लक्षात राहत नाही.

न्हावा शेवा बंदराशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला शट आउट म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, एक वजन, पॅकिंग लिस्टवर दुसरं, की दुरुस्ती करत बसा. तोवर गेटचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात घेण्याची शेवटची वेळ, निघून जातो, जहाज जातं आणि पार्टीचा फोन खणखणत राहतो. जुलै २०१६ पासून तर व्हीजीएम, म्हणजे मालासकट कंटेनरचं प्रमाणित वजन, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. असा घोळ वेळेत पकडणारं माणूस सगळ्यांनाच हवं असतं.

म्हणून आधी मराठीत लिही, नणंदेला सांगतेस तसं. इंग्रजी मागाहून कर. सुरुवात अशी:

‘आपल्याला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनसाठी माणूस हवा आहे. बेलापूरला ४ वर्षं मी हेच केलं: सीएचएकडून (कस्टम्स एजंटकडून) आलेली शिपिंग बिलाची चेकलिस्ट तपासणं, व्हीजीएम वेळेत भरणं, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) ड्राफ्ट पार्टीकडून मंजूर करून घेणं.’

त्याखाली त्या रात्रीची गोष्ट, दोन-तीन ओळींत. पार्टीचं नाव मात्र घालू नकोस. जुन्या ऑफिसची गोष्ट बाहेर सांगणारी नवीन ऑफिसचीही सांगेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं.

गॅप लपवू नकोस. रेझ्युमेवर तारखा आहेतच, लपवलं की शंका वाढते. एकच ओळ लिही: ‘मुलगी लहान असल्याने ३ वर्षं घरी होते, आता पूर्णवेळ कामाला तयार आहे, लगेच रुजू होऊ शकते.’ बस. मुलीला कोण सांभाळणार हे लिहायचं नाही. पुरुषाच्या अर्जात ते कोणी शोधत नाही. आणि शेवटची ‘घरची जबाबदारी आहे, कृपया संधी द्यावी’ ही ओळ काढ. ती वाचून मला भरून आलं, पण त्या ओळीवर मी कधीच कोणाला बोलावलं नाही. तुझ्याकडे विनंतीपेक्षा बळकट काहीतरी आहे.

पत्र मेलमध्येच लिही, वेगळी फाईल उघडायला लावू नकोस. विषयात पदाचं नाव. एकाच मेलमध्ये चाळीस पत्ते तर मुळीच नको, सगळ्यांना सगळे दिसतात. दिवसाला दोनच अर्ज कर, पण प्रत्येकाची पहिली ओळ त्या जाहिरातीला धरून असू दे.

एक राहिलं. वजनात फरक नेमका किती किलोंचा होता? आठवत नसेल तर जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला विचार आणि तो आकडा पत्रात घाल.