कॉलेजचा बेसबॉल कॅम्प: मेल आली म्हणजे निवड झाली का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगा टेन्थ ग्रेडमध्ये आहे, पिचर (बॉल टाकणारा). एका कॉलेजकडून कॅम्पची मेल आलीये. त्यांना तो हवाय असं समजायचं का?

उत्तर: नाही हो, इतक्यात नाही. अशा मेल ढीगभर मुलांना जातात, आणि एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) नियमानुसार कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावाच लागतो, फी भरली की प्रवेश. कोचने स्वतः त्याचा खेळ बघून काही नेमकं लिहिलंय का ते बघा, तसं असेल तर जरूर जा.

कॅम्पसारखंच शोकेसचंही नाव कानावर येईल, म्हणजे कोचना खेळ दाखवायचा कार्यक्रम. ते वेगळं, ते बहुतेक खासगी कंपन्या घेतात, ६० यार्ड धावणं, पिचचा स्पीड वगैरे मोजतात आणि एकाच वेळी बऱ्याच कॉलेजचे कोच येऊ शकतात. पण मुलाचा स्पीड अजून तयार नसेल तर घाई कशाला, खांदा दुखत असेल तर अजिबातच पाठवू नका, एका दिवसासाठी हात गमावायचा नाही.

आणि डिव्हिजन १ चे (एनसीएएचा सगळ्यात वरचा गट) कोच ज्युनिअर इयरच्या (अकरावीच्या) आधीच्या १ ऑगस्टपर्यंत रिक्रूटिंगचं, म्हणजे मुलाला टीममध्ये घेण्याचं, बोलूच शकत नाहीत, त्यामुळे कॅम्पमध्ये ते गप्प राहिले तर मुलाला नाकारलं असं त्याला वाटू देऊ नका प्लीज.